टोल्युइनची बाटली

प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेंत एक कपाट असें असतें कीं ज्याची किल्ली शिक्षकाच्या खिशांत राहते. आमच्या शाळेंतही तें आहे. त्याच्या खालच्या फळीवर, आम्लांपासून दूर, वाळू घातलेल्या पत्र्याच्या तसराळ्यांत तपकिरी कांचेची एक बाटली उभी असते. तिच्यांतील द्रव पाण्यासारखा स्वच्छ, पाण्याहून हलका आणि पाण्याहून पुष्कळच चंचल आहे. त्याचें नांव टोल्युइन. वर्गांत त्याच्या वाट्यास फार तर एखादें समीकरण येतें. परंतु शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलें कीं तोच द्रव भोसरीच्या गाळ्यांत, चाकणच्या रंगखात्यांत, छापखान्यांत व फर्निचरच्या दुकानांत दुसऱ्या नांवांनीं भेटतो. म्हणून यंदा या अंकांत प्रवासवर्णन किंवा ऋतुवर्णन न लिहितां या बाटलीविषयींच चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें.

आमचा हा भाग कारखान्यांचा. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि येथील माळरानावर पेनिसिलिन तयार होऊं लागलें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें व पिंपरी, चिंचवड, भोसरी येथें औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. पुढें हीच लाट इंद्रायणी ओलांडून चाकणास पोहोंचली. २००९ सालीं फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना तेथें सुरू झाला, आणि सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची त्या परिसरांत दाटी झाली. आमच्या वर्गांत बसणाऱ्या कित्येक मुलांचे वडील, आणि आतां कित्येकांच्या आयाही, या कारखान्यांत पाळीवर जातात. लोखंडास रंग द्यावयाचा तर रंग पातळ करावा लागतो. दोन वस्तु चिकटवावयाच्या तर डिंक विरघळवावा लागतो. छपाईच्या यंत्रावरील शाई पुसावयाची तर तेथें पाण्याचें कांहीं चालत नाहीं. या कामांस लागणारा 'थिनर' हा निरनिराळ्या द्रवांचें मिश्रण असतो, आणि पुष्कळ वेळां त्यांतील एक मुख्य घटक टोल्युइन असतें. तेव्हां प्रयोगशाळेंतील बाटली आणि वडिलांच्या हाताखालचा थिनरचा डबा हीं एकाच कुळांतलीं होत.

त्या कुळाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. १८२५ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरेडे यानें, दिव्यासाठीं केलेल्या वायूच्या नळकांड्यांत सांचणाऱ्या तेलकट अवशेषांतून एक नवा द्रव वेगळा काढला, तोच बेंझीन. १८३७ सालीं पेलेतिये व वॉल्टर या रसायनज्ञांना पाइन वृक्षाच्या राळेपासून बेंझीनचा धाकटा भाऊ सांपडला. पुढें दव्हील या फ्रेंच शास्त्रज्ञानें दक्षिण अमेरिकेंतील टोलू नांवाच्या सुगंधी राळेपासून तोच द्रव मिळविला, आणि त्या राळेवरून त्यास टोल्युइन हें नांव पडलें. आज तो मुख्यतः खनिज तेलापासून काढतात. बेंझीनचा रेणु म्हणजे सहा कार्बन-अणूंचें कडें व त्यास जडलेले सहा हायड्रोजन. त्यांपैकीं एका हायड्रोजनच्या जागीं एक कार्बन व तीन हायड्रोजन यांची शेंडी बसविली कीं टोल्युइन झालें. ही शेंडी दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु तिचें महत्त्व वाचकांस पुढें कळून येईल.

टोल्युइन ११०.६ अंश सेंटिग्रेड उष्णमानास उकळतें. मुलें हा आंकडा पाठ करतात आणि समजतात कीं, याला पाण्यापेक्षांही अधिक तापवावें लागतें, मग यांत भिण्यासारखें काय आहे? परंतु भयाचा आंकडा निराळा आहे. ज्या उष्णमानास द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ जमते त्यास कारखान्यांत फ्लॅश पॉइंट म्हणतात. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट ३५ अंशांच्या वर असतो. म्हणून कंदील भरतांना हातून काडी सुटली तरी दर वेळीं अनर्थ होत नसे. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट सुमारें ४ अंश आहे. आमच्याकडे पौषांतल्या गारठ्यांतही पारा सहसा तेथवर उतरत नाहीं. म्हणजे बारा महिने, आठही प्रहर, झांकण काढलेलें टोल्युइन केवळ एका ठिणगीची वाट पाहत असतें. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानें २३ अंशांखालीं फ्लॅश पॉइंट असलेल्या द्रवांस पहिल्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या वर्गांत घातलें आहे, तें याचसाठीं.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. हवेच्या शंभर भागांत टोल्युइनच्या वाफेचे सुमारें १.१ पासून ७.१ पर्यंत भाग असले तर तें मिश्रण पेटतें. त्याहून कमी किंवा अधिक असल्यास पेटत नाहीं. आतां २५ अंश उष्णमानास बंद भांड्यांत या द्रवावर जी वाफ भरून राहते ती सुमारें पावणेचार टक्के असते. म्हणजे नेमकी या दोन मर्यादांच्या मध्यें. पेट्रोलच्या बंद टाकींत वाफ इतकी दाट असते कीं ती तेथें सहसा पेटत नाहीं. टोल्युइनच्या बाबतींत तेवढाही आधार नाहीं. म्हणूनच जाणते कामगार सांगतात कीं भरल्या पिंपापेक्षां रिकाम्या पिंपाला भ्यावें. रिकामें पिंप आणून, पाणी सांठविण्यासाठीं त्याचें तोंड गॅसकटरनें कापावयास बसणें म्हणजे आपल्या हातानें तोफेस बत्ती देणें होय.

याच आंकड्यांवरून मुलांना आम्ही एक गणित घालतों. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व अडीच मीटर उंच अशी स्वयंपाकाची खोली घ्या. तिच्यांत साडेबावीस घनमीटर हवा मावते. तिचा १.१ टक्का म्हणजे सुमारें २४८ लिटर वाफ. एवढ्या वाफेस साधारण दहा ग्रॅम-रेणु, म्हणजे ९३० ग्रॅम टोल्युइन पुरतें, आणि तें मोजलें तर एक लिटरहून किंचित् अधिक भरतें. सारी खोली पेटण्यायोग्य होण्यास पाण्याची एक बाटली भरेल एवढा द्रव पुरे! आणि हेंही, वाफ खोलीभर सारखी पसरली असें धरून. वास्तविक ती तशी पसरत नाहीं. त्यामुळें याहून पुष्कळ कमी द्रवानेंही घात होतो.

ती कां पसरत नाहीं, हें तिसऱ्या गुणांत आहे. टोल्युइनचा रेणुभार ९२, हवेचा सरासरी २९; म्हणजे त्याची वाफ हवेच्या तिपटीहून जड. ती वर जात नाहीं. पाण्यासारखी जमिनीवरून वाहते, पायऱ्या उतरते, गटारांत शिरते, आणि दूर कोठें पेटती शेगडी किंवा समई भेटली कीं आलेल्या वाटेनें ज्योत मागें धांवत येते. दर वर्षीं आठवीच्या वर्गांत टोल्युइनची बाटली न उघडतांच आम्ही हें दाखवितों. उंच भांड्यांत खाण्याचा सोडा घेऊन त्यावर व्हिनेगर ओततों. पुठ्ठ्याची उतरती पन्हळ करून तिच्या पायथ्याशीं मेणबत्ती लावतों. मग आंतील द्रव सांडूं न देतां भांडें पन्हळीच्या वरच्या टोंकाशीं हळूच कलतें करतों. कांहींच ओतलेलें दिसत नाहीं. तरी क्षणभरानें खालची मेणबत्ती विझते, कारण हवेहून जड असा कार्बन डायऑक्साइड तेवढ्यांत खालीं वाहून आलेला असतो. मुलें टाळ्या वाजवितात. त्यावर आम्ही इतकेंच विचारतों, "मुलांनो, हा वायु विझविणारा होता म्हणून बरें, पेटणारा असता, तर ज्योत कोणत्या दिशेनें गेली असती?" टाळ्या थांबतात, आणि धडा कळला असें आम्ही समजतों.

चौथा गुण डोळ्यांस मुळींच न दिसणारा. टोल्युइन विजेचें वाहक नाहीं. एका भांड्यांतून दुसऱ्यांत तें वेगानें ओतलें कीं घर्षणानें वीज उत्पन्न होते, आणि वाट न मिळाल्यामुळें ती सांचून राहते. थंडींत लोकरी स्वेटर काढतांना जी चटचट ऐकूं येते तीच ही वीज. मोठ्या पिंपांतून थिनर काढतांना दोन्ही भांडीं तारेनें जोडून ती तार जमिनींत नेलेली असते ती शोभेसाठीं नव्हे. प्लॅस्टिकच्या बादलीस अशी तार जोडून उपयोग नाहीं. म्हणून भांडें धातूचें हवें व धार संथ हवी.

येथवर शास्त्र झालें. हें सारें लिहून काढावें असें जिच्यामुळें मनानें घेतलें ती गोष्ट आतां सांगतों. गेल्या वर्षीं नववीचा एक विद्यार्थी विज्ञानप्रदर्शनाच्या तयारीसाठीं शीतपेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटलींत थिनर घेऊन शाळेंत आला. प्रतिकृतीवर सांडलेला रंग पुसून काढावा, एवढाच त्याचा हेतु. बाटलीवर संत्र्याचें चित्र, आंत पाण्यासारखा द्रव, आणि झांकणाच्या कडेनें उग्र वास. आम्हीं ती बाटली उघड्या व्हरांड्यांत नेऊन ठेवली, प्रयोगशाळेंतील बर्नर बंद करविले, आणि मुलास न रागावतां विचारलें, "बाळ, ही कोठून आणलीस?"

"घरून, सर. बाबा कंपनींतून आणतात. सायकलची चेन धुवायला लागते म्हणून ओट्याखालीं ठेवलेली असते."

ओट्याच्या वर गॅसची शेगडी. ओट्याखालीं ही बाटली. आणि त्याच घरांत चार वर्षांची एक मुलगी, जिला संत्र्याचें चित्र चांगलें ओळखतां येतें. त्याच सायंकाळीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों. मुलाचे वडील चाकण रस्त्यावरील एका कारखान्याच्या रंगखात्यांत काम करतात. नुकतेच पाळीवरून आले होते. मोठ्या अगत्यानें त्यांनीं चहा करावयास सांगितलें. विषय निघतांच ते हंसून म्हणाले, "सर, बावीस वर्षं रंगांत आहे. हातसुद्धां थिनरनंच धुतों. अजून तरी कांहीं झालं नाहीं."

त्यांनीं हात पुढें केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून चिरा गेल्या होत्या. दाराआडून त्यांची पत्नी म्हणाली, "अहो, पाळीवरून आलं कीं डोकं दुखतं म्हणतां, तें सांगा कीं सरांना." ते गृहस्थ क्षणभर गप्प झाले. आम्हीं विचारलें, "डब्यावर काय लिहिलें आहे तें आपण कधीं वाचलें आहे काय?"

"सगळं इंग्रजींत असतं, सर. लाल चौकटींत जाळाचं चित्र आहे, तेवढं कळतं."

हें उत्तर आमच्या मनांत घर करून राहिलें. ज्या वस्तूशीं या माणसाचा बावीस वर्षें नित्य संबंध, तिचा स्वभाव त्याच्या भाषेंत त्याला कोणीं समजावून सांगितला नव्हता. त्याच्या धैर्यास आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु अज्ञानावर उभें असलेलें धैर्य कुटुंबाच्या उपयोगी पडत नाहीं. त्या रात्रीं बाटली ओट्याखालून निघाली. हातांचा रंग आधीं खोबरेल तेलानें सैल करून मग साबणानें धुवावा, ही आमची सूचनाही त्यांनीं मान्य केली. निघतांना ते म्हणाले, "सर, हें मराठींत लिहून द्या. खात्यांत भिंतीला लावतों." हा लेख त्या मागणीचाच विस्तार होय.

कोणी म्हणेल, एवढ्याशा बाटलीनें काय होणार? त्यांस आम्ही आपल्याच शेजारची गोष्ट आठवावयास सांगतों. १९ मार्च २०२५ रोजीं सकाळीं हिंजवडी येथें एका छपाईच्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांस कामावर नेणाऱ्या गाडीस आग लागली. पुढचे लोक कसेबसे बाहेर पडले. मागें बसलेल्यांना वाट मिळाली नाहीं, आणि चौघांचा अंत झाला. गाडींत बेंझीन ठेवून आग मुद्दाम लावण्यांत आली, असें पोलिसांनीं तपासाअंतीं सांगितलें. अपराध कोणाचा हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे. त्यांत आम्ही शिरत नाहीं. परंतु पदार्थाचा धर्म हेतूवर अवलंबून नसतो. बंद गाडींत असा द्रव पेटला तर, तो द्वेषानें पेटविलेला असो कीं विडीच्या थोटकानें पेटलेला असो, दार शोधण्यास सवड मिळत नाहीं. म्हणून रिक्षा, बस अगर कंपनीची गाडी यांतून थिनर, बेंझीन किंवा पेट्रोल घेऊन जाऊं नये, आणि दुसरा कोणी नेत असल्यास संकोच न धरतां चालकास सांगावें.

आगीवांचूनही हे द्रव घात करतात. टोल्युइनची वाफ कोंडलेल्या जागीं हुंगली गेल्यास प्रथम डोकें जड होतें, मग भोंवळ येते, आणि प्रमाण वाढल्यास शुद्ध हरपते. कांहीं मुलें हीच भोंवळ गंमत म्हणून शोधतात. रुमालावर व्हाइटनरचा पातळ द्रव किंवा पंक्चरचें सोल्युशन घेऊन हुंगतात. त्यानें मेंदूची कायमची हानि होते, आणि हृदयाची गति एकाएकीं बिघडून पहिल्याच खेपेस मृत्यु आल्याचींही उदाहरणें वैद्यकास ठाऊक आहेत. या व्यसनामुळेंच २०१२ सालीं भारत सरकारनें बाटलींतील व्हाइटनर व त्याच्या थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातली. पालकांनीं मुलाच्या दप्तरास अगर कपड्यांस येणाऱ्या अशा वासाकडे दुर्लक्ष करूं नये. मात्र मारझोड न करतां विश्वासांत घेऊन विचारावें.

आतां ती शेंडी. टोल्युइन शरीरांत गेलें कीं यकृत त्या शेंडीस प्राणवायु जोडतें, तिचें बेंझोइक आम्ल बनवितें, आणि तें दुसऱ्या एका पदार्थाशीं बांधून लघवीवाटे बाहेर टाकतें. जणु शेंडी धरून पाहुण्यास दाराबाहेर काढतां येतें! बेंझीनला शेंडी नाहीं. त्याचें कडेंच मोडावें लागतें, आणि त्या खटाटोपांत जे पदार्थ निर्माण होतात ते हाडांतील मज्जेस विषारी ठरतात. बेंझीनमुळें रक्ताचा कर्करोग होतो हें आज निर्विवाद सिद्ध आहे. म्हणूनच जेथें जेथें शक्य आहे तेथें प्रयोगशाळांनीं बेंझीन काढून त्याच्या जागीं टोल्युइन घेतलें. एका कार्बनचा भेद; परंतु त्यानें माणसाचें आयुष्य बदलतें. तथापि टोल्युइन हें बेंझीनपेक्षां सौम्य, एवढाच याचा अर्थ. तें निरुपद्रवी आहे असा नव्हे.

आतां नियम सांगतों. ते आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर लावलेले आहेत; घरासही तेच लागू पडतात. जरूर असेल तेवढाच द्रव बाहेर काढावा व झांकण ताबडतोब लावावें. जवळपास बर्नर, शेगडी, उदबत्ती, विडी कांहींही पेटतें नसावें. खिडक्या उघड्या असाव्या, आणि वाफ जड म्हणून दाराची खालची फटही मोकळी असावी. द्रव तापविणें अगदीं भाग असल्यास तें शिक्षकांनींच, ज्योतीवर नव्हे, तर विजेवर तापविलेल्या पाण्याच्या भांड्यांत, वाफ ओढून घेणाऱ्या कपाटांत करावें. नायट्रिक आम्लासारख्या पदार्थांच्या शेजारीं तो ठेवूं नये. खाण्यापिण्याच्या बाटलींत तर कधींही भरूं नये. पुसलेल्या चिंध्या झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत टाकाव्या. उरलेला द्रव मोरींत ओतूं नये. तो पाण्यांत मिसळत नाहीं, पाण्यावर तरंगत दुसऱ्याच्या दारापर्यंत जातो.

आग लागलीच तर तिच्यावर पाणी ओतूं नये, कारण पेटता द्रव पाण्यावर पसरून आग वाढते. लहान भांडें पेटलें तर त्यावर पत्रा झांकावा. जमिनीवर सांडलेलें पेटलें तर कोरडी वाळू किंवा कोरड्या भुकटीचें अग्निशामक नळकांडें वापरावें. त्याहून मोठी आग असल्यास शौर्य न दाखवितां सर्वांस घेऊन बाहेर पडावें व १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावें. कपडे पेटल्यास धांवूं नये. जमिनीवर पडून लोळावें, जवळच्यांनीं जाड सुती चादर अगर घोंगडी लपेटावी. भाजलेल्या भागावर वीस मिनिटें नळाचें साधें पाणी सोडावें. शाई, टूथपेस्ट, हळद कांहीं लावूं नये. आणि हें विशेष ध्यानांत ठेवावें कीं, मुलानें असा द्रव प्यायल्यास त्यास ओकारी करवूं नये. पोटापेक्षां फुप्फुसांत गेलेला थेंब अधिक घातक असतो, आणि ओकतांना तो तेथेंच शिरतो. बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गांठावें.

बालमित्रांनो, टोल्युइन हा कांहीं दुष्ट पदार्थ नव्हे. तुमच्या सायकलीचा रंग, तुमच्या बुटाचा तळ, या अंकाची छपाई, यांत कोठें ना कोठें त्याच्यासारख्या द्रवाचा हात लागलेला असतो. त्याच्यावर तुमच्या घरची चूलही चालते. त्याला हद्दपार करावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचा स्वभाव जाणून त्याच्याशीं वागावें, एवढेंच म्हणतों. तुमच्यांतील पुष्कळांना आतां इंग्रजी वाचतां येतें, आणि तुमच्या वडीलमाणसांपैकीं कित्येकांना तें शिकण्याची संधि मिळाली नाहीं. तेव्हां हा अंक घरीं पोहोंचेल त्या दिवशीं एवढें एक काम करा. ओट्याखालीं, जिन्याखालीं, गॅलरींत ज्या बाटल्या व डबे असतील ते वडीलमाणसांच्या समक्ष पाहा. ज्यावर जाळाचें चित्र असेल त्यावरचा मजकूर आईला आणि बाबांना मराठींत वाचून दाखवा. आणि ज्यावर कांहींच लिहिलेलें नसेल, त्याचें झांकण न उघडतां, त्यांत काय आहे हें बाबांना विचारून ठळक मराठी अक्षरांनीं त्यावर लिहून ठेवा.